यमुनेनं पानिपत बुडवलं का? एका सॅपरचं उत्तर

परवा मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पानिपताचा विषय निघाला. इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या शेजारच्या मुलीनं मला विचारलं, "काका, तुम्ही फौजेत पूल बांधायचात ना? मग सांगा, १७६० साली एवढ्या मोठ्या दोन फौजा यमुनेच्या दोन काठांना पावसाळाभर नुसत्या बसून कशा राहिल्या? आणि शेवटी अब्दालीला नदी ओलांडता आली, मग भाऊंना का नाही आली?" लिफ्टपाशी उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि घरी आल्यावर माझं मलाच ते पटेना. तेवीस वर्षं बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात काढली, त्यातली बरीचशी कुठल्या ना कुठल्या नदीच्या काठावर. त्यामुळे हे उत्तर नीट द्यायला हवं.

आधी नदी म्हणजे काय ते आपल्या मुंबईतच बघ. मे महिन्यात कुर्ल्याच्या पुलावरून मिठीकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याच मिठीनं २६ जुलै २००५ ला काय केलं ते तुझ्या आईबाबांना विचार. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि वरून भरतीचं पाणी आत आलं. माणसं रात्रभर ऑफिसात, बसच्या टपावर, अनोळखी घरांत अडकून पडली. नकाशावर मिठीची निळी रेघ मे महिन्यातही तेवढीच जाड असते आणि जुलैतही तेवढीच. इतिहासाची पुस्तकं वाचताना आपण ही चूक करतो. 'मध्ये यमुना होती' असं वाचतो आणि पुढे जातो. कुठल्या महिन्यातली यमुना, हे विचारत नाही. पानिपतची सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात आहे, असं माझं मत आहे.

आम्हाला नदीची टेहळणी करायला पाठवत तेव्हा नवीन पोरं पहिल्यांदा पात्राची रुंदी मोजायला धावायची. रुंदी लागतेच, पण तिचा नंबर बराच खाली. आधी बघायचं ते काठ. ऐलतीरावर गाड्या पाण्यापर्यंत उतरतील का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पैलतीरावर चढतील का. दरड किती उंच, माती कसली, पाण्याच्या कडेला वाळू आहे की गाळ. मग पाण्याची ओढ. एक काडी टाकायची, काठानं पावलं मोजत चालायचं आणि घड्याळ बघायचं. आणि सगळ्यात साधी गोष्ट: पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची, तिच्यावर चाकूनं खाच पाडायची आणि दर तासाला येऊन बघायचं. पाणी खाचेच्या वर गेलं की खाली उतरलं?

ही काठी मी कधी विसरत नाही, त्याला कारण आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी पंजाबात सतलजवर सराव होता. संध्याकाळी मी काठी रोवली, तराफ्यासाठी घाट ठरवला, नांगर कुठे टाकायचे ते दाखवलं. तिथला एक म्हातारा नावाडी जवळ येऊन म्हणाला, "साहब, पानी में तिनके आ रहे हैं, रात को चढ़ेगा." मी मान हलवली आणि जेवायला गेलो. वरच्या अंगाला कुठूनतरी पाणी सोडलं होतं. पहाटे तीनला उठून बघतो तर काठीच दिसेना. तराफा सरकला होता, आणि त्याच्या आधी पलीकडे गेलेली पहिली गाडी तिथल्या ओल्या मातीत चाकांच्या आसापर्यंत रुतली होती. तिला बाहेर काढता काढता उजाडलं. खऱ्या लढाईत उजाडलं म्हणजे संपलं. ती चूक सर्वस्वी माझी होती. नावाड्याला पाण्यावरच्या काड्यांतून जे दिसलं, ते मला नकाशा, कंपास आणि टॉर्च घेऊन दिसलं नव्हतं.

आता यमुनेकडे येऊ.

पानिपताची यमुना आपण ऑक्टोबर १७६० पासून मोजतो. ती मोजायला हवी त्याच वर्षीच्या जानेवारीपासून. १० जानेवारी १७६० ला दिल्लीच्या वरच्या अंगाला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. "बचेंगे तो और भी लड़ेंगे" हे वाक्य परंपरेनं त्यांच्या नावावर आहे, ते आपल्याला पाठ असतं. पण तिथे घडलं काय ते सॅपरच्या नजरेनं बघ. हिवाळ्यात यमुनेचं पाणी ओसरतं, पात्रात वाळूची बेटं उघडी पडतात आणि त्यांवर पुरुषभर उंचीचं गवत, बोरू माजतो. अब्दालीला मिळालेल्या नजीबखान रोहिल्याचे बंदूकवाले पाणी ओलांडून त्या बोरूत शिरले. मराठी घोडेस्वारांना समोर झाडी दिसत होती, बंदुका दिसत नव्हत्या. घोडदळाची सगळी ताकद उघड्या मैदानात, आणि इथे पायाखाली वाळू, चिखल, मध्येच पाण्याची धार. त्या दिवशी यमुनेनं मराठ्यांना एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती: पाणी उतरलं की मी कुणाला अडवत नाही.

त्यानंतर सदाशिवरावभाऊ दक्षिणेतून निघाले. भाऊंना नद्या कळत नव्हत्या असं जे सरसकट बोललं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. वाटेतून ते पेशव्यांचे तिकडचे कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रं लिहीत होते की इटाव्याकडे नावा गोळा करा, पूल बांधा, आम्हाला पावसाआधी दुआबात उतरायचं आहे. दुआब म्हणजे गंगा आणि यमुना यांच्यामधला मुलूख. अब्दाली तिथे होता, त्याचा दाणागोटा तिथून येत होता, अवधचा नवाब सुजाउद्दौला अजून कुंपणावर होता. भाऊ जूनमध्ये नावांच्या पुलावरून दुआबात उतरले असते, तर लढाई कदाचित अब्दालीच्या रसदेच्या उरावर झाली असती. हा बेत कुणाही लष्करी इंजिनिअरनं मान डोलावावी असा होता. बेत फसला तो पावसानं. चंबळ ओलांडून पुढे आल्यावर गंभीर नदीच्या पुरानं फौजेला अडवून धरलं, तोवर यमुनाही फुगली आणि नावांच्या पुलाची वेळ निघून गेली.

नावांचा पूल म्हणजे काय ते समजून घे. नावा शेजारी शेजारी आणून दोरांनी आणि साखळ्यांनी बांधायच्या, वरच्या अंगाला प्रत्येकीचा नांगर टाकायचा, त्यांवर तुळया आणि फळ्या टाकून रस्ता करायचा. पाणी संथ असेल तर चांगले कारागीर हे काम झपाट्यानं करतात. पुराच्या पाण्यात नांगर धरत नाही, वरून झाडं आणि ओंडके वाहत येतात, एक नाव सुटली की शेजारच्या चार घेऊन जाते. आणि पाणी वाढेल तसा काठ मागे सरकतो. सकाळी काठाला लागलेलं पुलाचं टोक संध्याकाळी पाण्याच्या मधोमध असतं. आजही, पोलादाचे तरंगते पूल आणि इंजिनाच्या होड्या हाताशी असताना, पुराच्या नदीवर पूल टाकायचा निर्णय कुणी सहज घेत नाही. शिवाय भाऊंबरोबर इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा होत्या, आणि बुणगे होते. यात्रेकरू, बायकामुलं, दुकानदार, बैल. लढणारी फौज दोन दिवसांत उतरेल, हा सगळा लबेदा किती दिवसांत उतरेल? आणि निम्मी माणसं अलीकडे, निम्मी पलीकडे असताना शत्रू आला तर? नदी ओलांडतानाची सगळ्यात वाईट वेळ हीच असते.

म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली घेतल्यावर मराठे पश्चिम काठावर आणि अब्दाली पूर्व काठावर, असे दोघे पुरात अडकून बसले. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. ते आळसानं बसले नव्हते, कुणालाच उतार नव्हता. त्या काळच्या भाषेत नदी 'पायउतार' होण्याची वाट बघत होते. मला हा शब्द फार आवडतो. पायउतार, म्हणजे पायी उतरून जाता येईल इतकं पाणी कमी होणं.

१७ ऑक्टोबरला भाऊंनी दिल्लीच्या बऱ्याच उत्तरेला, कर्नालजवळचं कुंजपुऱ्याचं ठाणं घेतलं. धान्य मिळालं, पैसा मिळाला. अब्दालीची माणसं मारली गेली आणि तो पलीकडच्या काठावरून काही करू शकला नाही. दोनच दिवसांनी दसरा. छावणीत आनंद होता, कुरुक्षेत्राच्या यात्रेचे बेत चालले होते. आणि इथे माझा जीव अजूनही तुटतो. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा म्हणजे उत्तरेत पाऊस संपून गेलेला. कुंजपुऱ्याला यमुना मराठ्यांच्या शेजारून वाहत होती. कुणीतरी काठावर एक काठी रोवून दर तासाला बघायला हवं होतं. पाणी रोज उतरत असणार. कुंजपुऱ्याला उतरतंय म्हणजे खाली बागपतलाही उतरणार. दत्ताजींना ज्या नदीनं नऊ महिन्यांपूर्वी दगा दिला, तीच नदी पुन्हा जानेवारीसारखी होत चालली होती.

२५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीनं बागपतजवळ यमुनेत घोडे घातले. सगळं सैन्य पार व्हायला दोन-एक दिवस लागले. त्याची माणसं वाहूनही गेली, म्हणजे नदी अजून पुरती पायउतार झालेली नव्हती. त्यानं धोका पत्करला. स्थानिक माणसानं उतार दाखवला अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. नावगाव बाजूला ठेव, पण नवख्या मुलखात पुराच्या शेवटाला असलेली नदी इतक्या माणसांनी ओलांडायची तर वाट दाखवणारं कुणीतरी तिथलं असणारच. काठावरचा धनगर, कोळी, नावाडी. पाण्याखालची वाळू कुठे घट्ट आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत असतं?

ते दोन दिवस अब्दाली जितका उघडा होता तितका तो आधीही नव्हता आणि नंतरही नाही. अर्धी फौज ओली, अर्धी पलीकडे, तोफा मागे. आणि समोर अडवायला कुणी नव्हतं. मराठ्यांची मोठी चौकी त्या उतारावर नव्हती. नदी होती ना, तिच्यावर भरवसा होता. सैन्यात आम्हाला शिकवत की नदी असो, भिंत असो की सुरुंगांचा पट्टा, ज्यावर आपल्या बंदुकीची आणि डोळ्यांची नजर नाही तो अडथळाच नाही. तो शत्रूला फक्त थोडा वेळ लावतो.

पुढचं तुला माहीत आहे. अब्दाली मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. मराठे पानिपतला खंदक खणून बसले. लोक म्हणतात यमुना मराठ्यांच्या विरोधात गेली. मी म्हणेन, नदी ओलांडल्यावर अब्दालीनं तिचं रूप पालटलं. रोहिलखंडातून, नजीबच्या मुलखातून त्याचं धान्य यमुना ओलांडूनच येत राहिलं. तोपर्यंतचा अडथळा त्याच्यासाठी रसदेची वाट झाला. मराठ्यांच्या बाजूनं दुआबात गोविंदपंत त्याची रसद तोडत होते, तेही डिसेंबरात मारले गेले. मग उपासमार. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती गोल करून, म्हणजे बुणगे मध्ये आणि फौज भोवती ठेवून, लढत लढत यमुनेकडे सरकायचं, असा बेत असल्याचं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे शेवटी वाचायचं तर पाण्याच्याच बाजूला जायचं होतं.

तुझा न विचारलेला तिसरा प्रश्न असा असणार की आता रणगाडे आणि विमानं आहेत, आता नदीचं काय? तर १९७१ चं बांगलादेश युद्ध बघ. पूर्व पाकिस्तान म्हणजे नद्यांनी चिरलेला प्रदेश. पद्मा, मेघना आणि ब्रह्मपुत्रा, जिला तिथे जमुना म्हणतात. आपल्याच यमुनेचं नाव, नदी दुसरी. तिथल्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख जनरल नियाझी यांचा सगळा हिशोब या नद्यांवर होता: मोठी गावं किल्ल्यासारखी धरायची, पूल उडवायचे आणि भारतीयांना पाण्याच्या पलीकडे थोपवून धरायचं. ९ डिसेंबरला आशुगंजचा मेघनेवरचा रेल्वे पूल त्यांनी उडवला आणि त्यांचं सैन्य पलीकडे भैरवबाजारला मोर्चे धरून बसलं. आता भारतीय इथेच पूल बांधणार, दुसरं करणार काय, असा त्यांचा हिशोब.

आपल्या लेफ्टनंट जनरल सगतसिंगांनी तो पूल सोडूनच दिला. त्याच दिवशी ग्रुप कॅप्टन चंदनसिंगांच्या मी-४ हेलिकॉप्टरांनी दक्षिणेला रायपुऱ्यापाशी ४ गार्ड्स या पलटणीला मेघनेच्या पलीकडे उतरवायला सुरुवात केली. हेलिकॉप्टरं जेमतेम डझनभर, एका खेपेत एकात दहा-पंधरा माणसं. खेपांमागून खेपा, रात्रीसुद्धा. तरंगणारे पीटी-७६ रणगाडे पाण्यात घातले तर इतक्या रुंद पात्रात त्यांची इंजिनं तापायला लागली. मग बाकीची फौज पार झाली ती गावकऱ्यांच्या होड्यांतून, आणि पलीकडे सामान ओढायला सायकलरिक्षा. भैरवबाजारची तुकडी मोर्च्यात तशीच बसून राहिली आणि युद्ध तिच्या बाजूनं पुढे निघून गेलं. सात दिवसांनी, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. या चढाईत सगळे हेलिकॉप्टरं बघतात. मला त्या होड्या दिसतात. सतलजवरचा माझा म्हातारा नावाडी तिथे हजारोंनी उभा होता आणि सैन्यानं त्याचं ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात उत्तरेला जमालपूरला आपली १ मराठा, जंगी पलटण, ब्रह्मपुत्रेपाशी होती. गाव नदीच्या दक्षिण काठावर, तिथे पाकिस्तानची ३१ बलूच पलटण मोर्चे बांधून बसलेली. समोरून नदी ओलांडली असती तर मशिनगनांच्या तोंडात गेले असते. ते लांबच्या अंगानं, देशी होड्यांतून पार झाले आणि जमालपूरच्या मागे जाऊन ढाक्याच्या वाटेवर बसले. ब्रिगेडिअर क्लेर यांनी शरण यायचा निरोप पाठवला, तर पलीकडच्या कमांडरनं उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण बाहेर पडायला धडपडली ती थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. दुसऱ्या दिवशी २ पॅरा टांगाईलजवळ छत्रीनं उतरली. ही पलटणही मुळात मराठ्यांचीच. कशासाठी उतरली? लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायला. जमालपूरहून मागे पळणारं सैन्य त्या पुलावरूनच जाणार होतं. एकाच आठवड्यात एक मराठा पलटण नदी ओलांडत होती आणि दुसरी शत्रूला नदी ओलांडू देत नव्हती.

काठाबद्दल मी वर एवढं का लिहिलं ते आणखी एका मराठी माणसामुळे. नगर जिल्ह्यातला शिपाई नामदेव जाधव, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. नदी लहानशी, पण दोन्ही बाजूंना पुरापासून राखण म्हणून घातलेले उंच बांध, आणि त्या बांधांत जर्मन मशिनगन. पूर्वेच्या बांधावर चढणारी तुकडी जवळजवळ सगळी पडली. जाधवांनी एकामागून एक दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, चढ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेऊन पोचवलं. मग परत जाऊन तीन मशिनगनचे मोर्चे संपवले आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या नदीचं पाणी कुणी लक्षातही ठेवलं नसतं, माणसं मेली ती काठावर.

त्याच इटलीच्या मोहिमेत बेली पुलांनी, म्हणजे सुट्या पोलादी पॅनलांतून जोडायच्या पुलांनी, मोठं काम केलं. बेलीचं एक पॅनल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन साधारण २६० किलो. सहा जण आडव्या दांड्या घालून ते उचलतात आणि सगळा पूल रोलरवरून पलीकडे ढकलतात, पलीकडच्या काठावर एकही माणूस नसताना. सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर सैन्यानं परळ, करी रोड आणि आंबिवलीला पादचारी पूल उभारले, ते याच घराण्यातले. २०१८ च्या फेब्रुवारीत ते लोकांसाठी खुले झाले. पॅनलमधल्या त्या चौकटी-चौकटीच्या सळ्या माझ्या हाताला अजून पाठ आहेत. लोकलच्या गर्दीत लोक त्यांना टेकून उभे राहिलेले बघितले की मला फार बरं वाटतं.

तू डिसेंबरच्या सुट्टीत पानिपतला जाणार म्हणालीस. लोक रणभूमीवरचं काला आंब हे स्मारक पाहून परततात. तू एक दिवस काढून बुराडी आणि बागपतला जा. आता वर हथनीकुंडला बंधारा आहे, बरंच पाणी कालव्यांत वळतं, त्यामुळे १७६० ची धार तुला दिसणार नाही आणि नदीनं पात्रही बदललं आहे. पण वाळू, बेटांवरचं गवत आणि काठाची ती भुसभुशीत माती तीच आहे. बूट काढून पाण्याच्या कडेला चालून बघ, पाय किती रुततो ते. तिथे कुणी होडीवाला भेटला तर त्याला विचार की पाऊस संपल्यावर किती दिवसांनी इथून चालत पलीकडे जाता येतं. तो जे सांगेल ते वहीत लिहून आण, मला ते ऐकायचं आहे.